लहान घोडा

गडचांदूरच्या कामगार वस्तीला पहिल्यांदाच म्हातारपण येतं आहे. गावात पूर्वी म्हातारी माणसं नव्हती, असं अर्थातच नाही. पण चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातल्या चुनखडीच्या पट्ट्यात आवारपूर आणि माणिकगडचे सिमेंट कारखाने उभे राहिले ते गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात. उपरवाहीचा कारखाना त्यानंतरचा. तेव्हा विशी-पंचविशीत पाळीवर लागलेला माणूस आता साठी ओलांडून सत्तरीकडे चालला आहे. निवृत्तीनंतर कंपनीचं क्वार्टर सुटलं आणि प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशांत गावात घर झालं. मुलगा पॉलिटेक्निक करून पुण्याला गेला, मुलगी लग्न होऊन नागपूरला किंवा हैदराबादला. मागे उरली ती दोघं, आणि काही घरांत एकच.

शेतकऱ्याच्या घरात म्हातारपण कसं काढायचं, याची एक वहिवाट होती. चांगली-वाईट जशी असेल तशी, पण होती. सातबाऱ्यावर नाव बापाचं, चूल सुनेची, बाज ओसरीवर. पगारावर उभ्या राहिलेल्या घराला अशी वहिवाट नाही. खासगी कारखान्यातल्या कामगाराला मिळते ती १९९५च्या योजनेतली पेन्शन. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४पासून महिना १,००० रुपये आहे. एवढ्या पैशांत रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्याही धड भागत नाहीत. म्हणजे काळजी कोण घेणार, कुठे घेणार, कोणाच्या पैशांतून घेणार, हे सगळं बोलून ठरवण्याशिवाय गत्यंतर नाही. आणि बोलणं तेवढं होत नाही.

फोन मात्र रोज होतो. मुलगा विचारतो, ‘बाबा, तब्येत कशी आहे?’ पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘मले का झालं? तू आपली नोकरी पाय, बाबू.’ मग फोन आईकडे जातो. ती आवाज खाली करून म्हणते, ‘बाबांले सांगू नको, पण परवा न्हाणीत पडले होते.’ मुलगा कोणाला सांगत नाही. वडिलांनी आधीच आईला ताकीद दिलेली असते. बहिणीला यातलं काहीच ठाऊक नसतं. दिवाळीला सगळे दोन दिवस एकत्र येतात, तेव्हा घरात पाहुणे असतात. खरं बोलणं निघतं ते शेवटच्या संध्याकाळी, बॅगा भरून झाल्यावर, एसटी नाहीतर बल्लारशाहची गाडी गाठायची घाई असताना. घाईत निघालेलं बोलणं भांडणात संपतं आणि पुढच्या दिवाळीपर्यंत त्याचं नाव कोणी काढत नाही.

या दिरंगाईची किंमत किती, हे शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मोजलं गेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेतल्या संशोधकांनी तिथल्या ८६ गावांमधले मृत्यू घरोघरी जाऊन नोंदवले आणि त्यांची कारणं तपासली. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात, इकडच्या बोलीत लकवा. दर सात मृत्यूंमागे एक लकव्याचा, नेमका आकडा १४.३ टक्के. त्यांतली ८७ टक्के माणसं घरीच वारली. जंगलातल्या, आदिवासी, गरीब भागात माणसं मलेरियाने आणि अतिसारानेच मरतात, असं मानून चालणाऱ्यांना हा धक्का होता.

लकव्याचा स्वभाव या विषयाशी थेट भिडतो. कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार निदान काही महिने तरी देतात. लकवा ध्यानीमनी नसताना येतो आणि पुष्कळदा पहिल्या तासाभरातच वाचा घेऊन जातो. वडिलांना नागपूरला हलवायचं की चंद्रपूरलाच ठेवायचं, नळी घालायची की नाही, घरी आणलं तर कोणत्या घरी, असे सगळे प्रश्न एकदम उभे राहतात. ज्याला विचारायचं तो समोरच असतो, डोळे उघडे असतात, पण शब्द फुटत नाही. स्मृतिभ्रंशात हेच संथपणे होतं. देशातल्या साठीपुढच्या लोकांत त्याचं प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृतचे निवृत्त विद्वान ज्यांना आठवतात, त्यांना अशा घरातल्या मुलीची ओढाताण वेगळी सांगायला नको.

मग बोलायचं काय? या प्रश्नाचं एक उत्तर गडचांदूरपासून फार लांब नाही. फक्त यवतमाळ जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं.

उमरखेडच्या बाजूचं उटी हे गाव. तिथले शेतकरी सीताराम गावंडे जवळजवळ ११० वर्षं जगले. झोपण्याआधी सगळ्या शेताला घोड्यावरून एक फेरी मारायची, हा त्यांचा नेम. शंभरी उलटली, तोल जाऊ लागला, तरी नेम चालू. घरच्यांना धास्ती होती, पडले तर काय? आज कोणत्याही शहाण्या घरात काय झालं असतं, ते उघड आहे. घोडा विकला गेला असता आणि म्हाताऱ्याच्या हाती टीव्हीचा रिमोट आला असता. उटीच्या घराने वेगळं केलं. त्यांच्यासाठी लहान घोडा आणला आणि सोबत कायम कोणीतरी राहील अशी व्यवस्था केली. मरणाच्या वर्षापर्यंत सीतारामजी शेत पाहत होते. अखेर ते गेले, पण घोड्यावरून पडून नव्हे. कोर्टाच्या कामाला निघाले असताना बसमधून उतरताना पडले आणि डोक्याला मार लागला.

ही हकिकत जगाला ठाऊक झाली ती त्यांच्या नातवामुळे. अमेरिकेतले शल्यविशारद आणि लेखक डॉ. अतुल गावंडे यांनी २०१४मध्ये ‘बीइंग मॉर्टल’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यात आजोबांच्या म्हातारपणाची हकिकत सांगितली. ती सांगताना ते गावाकडच्या एकत्र कुटुंबाचे गोडवे गात बसत नाहीत, हे विशेष. आजोबांचा मान टिकला त्यामागे जमीन होती आणि घरातल्या पुढच्या पिढ्यांचे, त्यातही बायकांचे, राबते हात होते. त्यांच्या मुलांनी निवृत्तीचं वय ओलांडलं तरी घरातला शेवटचा शब्द आजोबांचाच. त्या व्यवस्थेतून बाहेर पडण्याचा रस्ता सापडताच तरुण बाहेर पडले. सीतारामांचा मुलगा आत्माराम अमेरिकेला जाऊन डॉक्टर झाला. आईच्या आठवणीसाठी उमरखेडला गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय उभं करण्याला त्याने हातभार लावला, पण स्वतःचं म्हातारपण त्याने ओहायोत काढलं. त्याचीही मुलं दुसऱ्या गावी. थोडक्यात, आज गडचांदूरच्या घरात जे चाललं आहे, तेच.

आत्माराम गावंडे यांच्या मानेत, मज्जारज्जूच्या आतच, गाठ निघाली ती २००६मध्ये. बाप शल्यविशारद, मुलगा शल्यविशारद, आई बालरोगतज्ज्ञ. तरीही हा विषय काढणं त्या घराला जड गेलं. डॉक्टरांचीच ही गत, तर सिमेंटच्या भट्टीवर हयात गेलेल्या माणसाने आणि त्याच्या मुलाने संकोच केला तर त्यात नवल काय! शेवटी मुलाने घरच्या बैठकीत बसून वडिलांना विचारलंच. सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? आजार वाढला तर काय जपायचं आणि काय सोडून द्यायचं? वडिलांच्या बोलण्यातून निघालं ते असं: मरणापेक्षा हातपाय लुळे पडून दुसऱ्याच्या हातात जगणं त्यांना नको होतं.

हे उत्तर पुढे शब्दशः उपयोगी पडलं. २०१०मध्ये शस्त्रक्रिया चालू असताना गुंतागुंत झाली. सर्जन बाहेर आले आणि पुढे जायचं की थांबायचं, असं त्यांनी मुलाला विचारलं. मुलाने उलट विचारलं, हातपाय जाण्याचा धोका कशात जास्त? थांबण्यात, असं उत्तर आलं. मग पुढे जा, मुलाने सांगितलं. त्या घडीला त्याला स्वतःचं मत देण्याची गरज पडली नाही. वडिलांचं मत त्याच्यापाशी आधीपासून होतं. नातेवाइकांनी अतिदक्षता विभागाच्या दाराशी केलेले निर्णय आयुष्यभर सलत राहतात, ते बहुधा अंदाजाने घेतलेले असतात म्हणून. आत्माराम गावंडे २०११मध्ये गेले. घोडा लहान कसा करायचा, हे उटीच्या लोकांना न विचारता कळलं होतं, कारण ते रोज एका अंगणात वावरत होते. दुसऱ्या गावी राहणाऱ्याला ते विचारूनच कळतं.

मराठी मनाला हे विचारणं अवघड का जातं, याची कारणं आपल्या कथांमध्येही सापडतात. आपला आदर्श पुंडलिक. त्याने आईवडिलांची सेवा केली आणि त्यासाठी प्रत्यक्ष देवाला विटेवर उभं केलं. पण त्या कथेत आईवडील काही बोलत नाहीत. त्यांना काय हवं होतं, ते कळत नाही. सेवा ही न विचारता करायची गोष्ट आहे, हे त्यातून आपण नकळत उचललं. श्रावणबाळाच्या कथेत निदान तीर्थयात्रेची इच्छा आईवडिलांची होती. राज्य सरकारने निराधार वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेला त्याचं नाव दिलं. तिच्यात सध्या महिना १,५०० रुपये मिळतात.

दुसरी शिकवण रंगभूमीची. वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७०च्या डिसेंबरात रंगमंचावर आलं. गणपतराव बेलवलकर सगळं मुलांना देऊन टाकतात आणि रस्त्यावर येतात. अर्धशतकाहून अधिक काळ मराठी घरातला प्रत्येक बाप ती गोष्ट मनात धरून बसला आहे. त्यामुळे मुलाने ‘बाबा, पुढचं काय ठरवायचं?’ म्हणताच बापाच्या कानात घराची नोंदणी वाजते. मुलाला विचारायचं असतं ते गुडघ्यांबद्दल. काही घरांत अर्थात मुलाला खरोखर नोंदणीच हवी असते. तेव्हा बापाचा संशय बिनबुडाचा असतो, असंही म्हणता येत नाही.

मालमत्तेचा मुद्दा म्हणूनच टाळून चालत नाही, फक्त तो पहिला नको. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला-मुलीला बक्षीसपत्राने द्यायची तर मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे. कागद इतका सोपा झाल्यामुळे तो बोलण्याच्या आधीच होऊन जातो. २००७च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याच्या कलम २३नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता मुलांनी न सांभाळल्यास परत मिळवता येते. पण अट होती, हे दिसावं लागतं. डिसेंबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं. २ जानेवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावून मुलाला दिलेलं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. तिथेही मुलाने सांभाळण्याचं लिहून दिलेलं होतं. तेव्हा बक्षीसपत्र करायचंच असेल, तर त्यात एक वाक्य जास्त लिहून घ्यावं. त्यात कसला अविश्वास नाही.

याच कायद्याखाली चरितार्थाचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यापुढे चालतो. कोरपना तालुक्याला त्यासाठी राजुऱ्याला जावं लागतं. अर्ज साधारण ९० दिवसांत निकाली काढायचा असतो आणि जास्तीत जास्त १०,००० रुपये महिना मिळू शकतात. लातूर जिल्हा परिषदेने याही पुढचं पाऊल टाकलं. आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून ते थेट आईवडिलांना देण्याचा ठराव तिने २०२०मध्ये केला आणि पुढच्या वर्षी काही जणांचे पगार खरोखर कापलेही. ठराव योग्यच होता. ज्याच्या पोटात अन्न नाही, त्याला संवादाचे धडे देण्यात अर्थ नसतो. पण कापलेल्या पगारातून औषध येतं, औषध द्यायला माणूस येत नाही.

तो माणूस बहुतेक घरांत बाई असते. सासूचं अंग पुसणारी, सासऱ्याची साखर तपासणारी सून २००७च्या कायद्याच्या व्याख्येत कुठेच नाही. मुलगा आहे, मुलगी आहे, नातवंडं आहेत, सून नाही. तिला त्यात आणण्याची दुरुस्ती २०१९मध्ये संसदेत मांडली गेली, ती कायद्यापर्यंत पोहोचली नाही. कुटुंबाच्या बैठकीतही चित्र हेच. ‘आईला आमच्याकडे नेतो’ असं भाऊ जाहीर करतो, तेव्हा त्याची बायको स्वयंपाकघरात असते. काम तिचं, निर्णय त्याचा. अशा निर्णयाचं आयुष्य सहा महिन्यांपलीकडे जात नाही, आणि दोष मात्र तिच्यावर येतो.

मुलीचं कोडं आणखी वेगळं. ‘लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये’ म्हणणारी पिढी अजून हयात आहे. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीकडून वडिलांनी महिना ५०० रुपये पोटगी मागितली. मुलीची जबाबदारी नाही, असा तिचा बचाव होता. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फेब्रुवारी १९८७मध्ये निकाल लागला: मुलगी विवाहित असली तरी तिचीही जबाबदारी आहे. पुढे २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तरी गावोगाव बहिणींच्या सह्या हक्कसोडपत्रावर होतातच, आणि आई अंथरुणाला खिळली की त्याच बहिणीला फोन जातो. या विसंगतीवर घरात एकदा तरी मोठ्याने बोललं पाहिजे.

शेवटच्या आजाराबद्दल बोलणं सगळ्यांत अशुभ मानलं जातं. विदर्भाने मात्र या बाबतीत मोठे दाखले दिले आहेत. विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला अन्न, पाणी आणि औषध नाकारलं. डॉक्टर होते, आग्रह करणारे होते, पण आश्रमाने त्यांची इच्छा पाळली. याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या आनंदवनात, बाबा आमटे ९ फेब्रुवारी २००८ रोजी गेले. देह न जाळता मातीत पुरावा, ही त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. दोघंही महापुरुष, हे खरं. पण इच्छा आधी सांगून ठेवायला महापुरुष असावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर काम होतं. कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर किती काळ ठेवायचं, घरी कधी आणायचं, हे शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. त्यासाठी अर्थातच आधी घरात तो विषय निघायला हवा.

विषय काढण्याचे काही बरे रस्ते आहेत. शेजारच्या कोणाला लकवा झाला की त्या रात्री जेवताना ‘आपल्याकडे असं झालं तर?’ हा प्रश्न ओढूनताणून आणावा लागत नाही. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. त्या निमित्ताने कागदांची पेटी उघडतेच, मग बँकेचं नामनिर्देशन आणि विम्याची पॉलिसीही पाहून होते. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड ऑक्टोबर २०२४पासून मिळू लागलं. ते काढायला सोबत जाणं हीसुद्धा बोलण्याची संधी आहे. मुलांनी आधी स्वतःचं इच्छापत्र करून ते वडिलांना दाखवावं. संशयाचं अर्धं मळभ त्यानेच जातं.

आणि नकार आला तर तो एका बैठकीत मोडायचा प्रयत्न करू नये. चंद्रपूरचा मे महिना म्हणजे ४५ अंशांच्या वरचा पारा. सत्तरीचे वडील त्यात दुपारी शेतावर जातात, म्हणून मुलगा पुण्याहून ओरडतो. गाडीची चावी लपवायला आईला सांगतो. वडील मग शेजाऱ्याच्या गाडीवर जातात आणि घरात खोटं सांगतात. इथे लहान घोडा कोणता? सकाळी नऊच्या आत जाऊन येणं, सोबत वाटेकरी किंवा त्याचा मुलगा असणं, खिशात फोन आणि पाण्याची बाटली असणं. पूर्ण सुरक्षितता यात नाही, आणि ती मुलाने मागूही नये. वडिलांना शेत नुसतं पिकासाठी लागत नाही. आपण अजून कोणाच्या तरी हिशेबात आहोत, हे त्यांना तिथे कळतं. ते काढून घेतलं तर सुरक्षित ठेवायचं कोणाला, हा प्रश्न उरतो.

आईवडिलांकडूनही एक अपेक्षा आहे. ‘मले का झालं’ हे उत्तर मुलांच्या काळजीपोटी दिलेलं असतं, हे मान्य. पण त्या उत्तरामुळे मुलांना पुढे सगळं अंदाजाने करावं लागतं. पडलो, हे सांगावं. रात्री एकट्याने भीती वाटते, हेही सांगावं. सुनेला स्वतःच्या तोंडाने विचारावं, तुला जमेल का? आणि ज्यांना मुलंच नाहीत, किंवा असून नसल्यासारखी आहेत, त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे. तिथे कायद्याची, योजनांची माहिती मिळते आणि नुसतं बोलणंही ऐकून घेतलं जातं.

पुढच्या पानांवर पैसा, घर, आजार आणि कायदा यांचा तपशील स्वतंत्रपणे येईल. तो वाचताना गडचांदूरच्या, किंवा अशाच कोणत्याही गावच्या, बाहेर राहणाऱ्या मुलामुलींना एवढीच विनंती आहे: यंदा दिवाळीला येताना परतीचं तिकीट पाहुणे गेल्यानंतरच्या एका मोकळ्या दिवसाचं काढा. त्या दिवशी भाऊ, बहीण, सून, जावई सगळ्यांना थांबवून घ्या, आणि पहिलं बोलू द्या ते आईला.